बुरुड राजाच्या कोटापासून आपल्या गेटपर्यंत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. सर्व सभासदांचे, आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे आणि रात्री गेटवर जागणाऱ्या वॉचमनपासून जिने झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचे मनापासून अभिनंदन. सोसायटीचा स्वतःचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाच आहे. पाण्याची टाकी, कन्व्हेयन्सच्या फेऱ्या, पहिला गणपती, सगळं त्यात येईल. मी मात्र समितीच्या परवानगीने गेटच्या बाहेरचा इतिहास लिहिणार आहे.

"चंदनसारला कसला आलाय इतिहास?" असं कोणीही विचारेल. त्यात चूक काही नाही. आपण बहुतेक जण इथे आलो ते घर परवडलं म्हणून. कोणी लालबाग-परळच्या चाळीतून, कोणी जोगेश्वरीच्या भाड्याच्या खोलीतून, कोणी थेट रत्नागिरी, सातारा, जळगावहून, तर कोणी उत्तर प्रदेश-गुजरातमधून. आपलं गाव तिकडे, नोकरी मुंबईत आणि रात्री पाठ टेकायला विरार. इतिहास म्हटला की तो 'गावाकडे' असतो, नाहीतर रायगडावर असतो. मुलांना शाळेत 'आपल्या परिसरातील ऐतिहासिक स्थळ' असा प्रकल्प मिळतो तेव्हासुद्धा आपण स्टेशनरीच्या दुकानातून शिवनेरीचं चित्र आणून चिकटवतो. पाहुणे आले तर जीवदानीला नेऊन आणतो आणि संपलं.

पण रिक्षा करून अर्ध्या-पाऊण तासात आपण अशा जागी पोचतो, जिथे सम्राट अशोकाने दगडावर आदेश कोरून घेतला होता. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

टेकाडाने जपलेलं नाव

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला झाडीत एक टेकाड होतं. गावची माणसं त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरुड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारा. टोपल्या विणणारा राजा कोण, त्याचा हा कसला कोट, असं विचारलं तर पक्कं उत्तर कोणाकडे नव्हतं. नाव मात्र बापाकडून मुलाकडे चालत आलं होतं. इथे काहीतरी आहे, ही जागा साधी नाही, एवढंच ते नाव सांगत होतं.

त्या वेळी सरकार ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तयार करत होतं. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांना जुन्या अवशेषांची माहिती पंडित भगवानलाल इंद्रजी पुरवत असत. भगवानलाल मूळचे जुनागढचे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून ते प्राचीन लेख वाचण्यात निष्णात झाले होते. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी हे टेकाड खोदलं आणि आत निघाला विटांचा बौद्ध स्तूप.

स्तूपाच्या मध्यावर एक मोठी गोल दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक. त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. एकात एक असे हे करंडक उघडत गेल्यावर सोन्याच्या करंडकात काय मिळालं, तर मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणीतरी श्रद्धेने ठेवलेले. सोनं वर आणि माती आत! जपायची होती ती माती, सोनं नुसतं आवरण होतं.

पेटीत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही होतं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. आणि तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. त्यांपैकी सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि एक पुढे येणाऱ्या मैत्रेयाची. या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. जरा हिशेब करून बघा. नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्ती त्यानंतर सहाशे-सातशे वर्षांनी ठेवलेल्या. याचा अर्थ मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप उघडला, आतलं पाहिलं, आपल्या काळाची भर घातली आणि पुन्हा नीट बंद केला. आज आपण ज्याला 'वारसा जतन' म्हणतो ते काम आपल्या शेजारच्या गावात हजार-बाराशे वर्षांपूर्वी झालं होतं. ते करणाऱ्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

त्याच साली सोपाऱ्यात भातेळा तळ्याजवळ भगवानलालांना एका काळ्या दगडाचा तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती. तो अशोकाच्या चौदा आदेशांपैकी आठव्याचा भाग निघाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावात नवव्या आदेशाचा तुकडा सापडला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही अक्षरं. सोपारा हे तेव्हा मोठं बंदर होतं. ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचं नाव आहे, महाभारतात ते 'शूर्पारक' म्हणून येतं. नंतर खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं. राहिलं ते नाव आणि टेकाड.

चंदनाची गोष्ट

आता एक गोड गोष्ट सांगतो आणि लगेच एक सावधगिरीची सूचनाही देतो.

बौद्धांच्या 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात पूर्ण नावाच्या शूर्पारकच्या व्यापाऱ्याची कथा आहे. पूर्ण हा दासीचा मुलगा. हुशारीने आणि कष्टाने तो मोठा व्यापारी झाला, समुद्रावर अनेक सफरी केल्या आणि शेवटी सगळं सोडून भिक्षू झाला. पुढे त्याचा भाऊ काही व्यापाऱ्यांबरोबर चंदन आणायला समुद्रापार गेला. चंदनाच्या रानाचा राखणदार यक्ष चिडला आणि त्याने वादळ उठवलं. भावाने पूर्णाचं स्मरण केलं, पूर्ण धावून आला आणि जहाजं वाचली. परत आल्यावर त्या चंदनाने शूर्पारकात बुद्धांसाठी 'चंदनमाला' नावाचा प्रासाद उभारला, अशी ती कथा.

चंदनमाला आणि चंदनसार! कोणाच्याही मनात चटकन येईल की आपल्या गावाचं नाव इथूनच आलं असणार. पुढच्या वर्षी कोणीतरी ते बॅनरवर छापेल, त्याच्या पुढच्या वर्षी शाळेतली मुलं ते पाठ करतील. म्हणून आत्ताच सांगतो, नाव कानाला जुळलं म्हणजे इतिहास जुळत नाही. त्यासाठी जुना कागद लागतो, शिलालेख लागतो, निदान नाव कसकसं बदलत आलं त्याची साखळी लागते. तोवर ही कथा म्हणूनच सांगायची. तशीही ती सुंदर आहे. दासीच्या मुलाने नाव काढलं आणि संकटात सापडलेल्या भावाला हात दिला, एवढं आपल्या मुलांना सांगितलं तरी पुष्कळ झालं.

वारसा जपणारी माणसं दोन प्रकारे चुकतात. काही जण जुनं ते सगळं फेकून देतात. काही जण नसलेलं जुनं तयार करतात. दुसऱ्या चुकीला टाळ्या मिळतात म्हणून ती लवकर पसरते.

गेलेलं आणि राहिलेलं

सोपाऱ्याच्या स्तूपातले करंडक आणि मूर्ती आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे, म्हणजे फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये आहेत. अशोकाच्या आदेशांचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. वसईच्या किल्ल्याचंही तेच. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेने मे १७३९ मध्ये ती जिंकली. त्यानंतर चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा वसईचीच, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरलाही वसईच्या मोहिमेतली घंटा आहे.

या वस्तू बाहेर गेल्या म्हणून खंत करावी का? मला तसं वाटत नाही. संग्रहालयात गेल्या म्हणून त्या टिकल्या. नारोशंकराची घंटा तर लोकांच्या बोलण्यात शिरली, इतकी ती त्यांची झाली. पण वस्तू गेली की जागेची जबाबदारी वाढते. स्तूप सोपाऱ्यातच आहे, किल्ला वसईतच आहे. दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तरी खात्याचा निळा फलक आणि एखादा पहारेकरी एवढ्याने जागा जिवंत राहत नाही. तिथे आजूबाजूची माणसं गेली पाहिजेत, आणि जाऊन काय बघायचं ते त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

ज्यांनी काम अंगावर घेतलं

हे 'कोणीतरी' कोण असतं? बहुतेक वेळा तुमच्या-आमच्यासारखी नोकरी-धंदा करणारी माणसंच असतात.

मराठीत याचं सगळ्यांत मोठं उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. त्यांना वाईत जुन्या पत्रांचा साठा मिळाला, त्यावरून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यानंतर हा माणूस गावोगाव फिरला. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या अडगळीत, कोणाच्या देवघरात पडलेले कागद त्याने मागून घेतले, वाचले, उतरवून काढले. असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यामागेही राजवाडे होतेच. पानिपतच्या काळातली कितीतरी पत्रं आज आपण वाचू शकतो, कारण ती रद्दीत जायच्या आत कोणीतरी दार ठोठावलं.

आपल्याच तालुक्यात या. वसईच्या किल्ल्यात आणि उत्तर कोकणातल्या लहान-मोठ्या कोटांवर 'किल्ले वसई मोहीम परिवारा'चे दुर्गमित्र सुट्टीच्या दिवशी जातात. झाडोरा काढतात, कचरा उचलतात, मुलांना घेऊन फिरतात आणि दगड-दगड समजावून सांगतात. ज्या किल्ल्यात आपण फक्त लग्नाआधीचं फोटोशूट पाहतो, तिथे एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर चालून बघा. कमान, बुरूज, चर्च, मराठ्यांनी बांधलेलं देऊळ, सगळ्याला तोंड फुटतं.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाने, ज्यांना कुपारी म्हणतात, आपली बोली जपायचं मनावर घेतलं. ती बोली कादोडी म्हणूनही ओळखली जाते. घरात बोलली जाणारी पण शाळेत न शिकवली जाणारी भाषा दोन पिढ्यांत संपते. हे ओळखून त्यांनी तिच्यात लिहायला सुरुवात केली, 'कादोडी' याच नावाने नियतकालिक काढलं, गाणी आणि म्हणी गोळा केल्या, लाल लुगडं आणि जुने दागिने सणासमारंभात पुन्हा अभिमानाने मिरवले. लग्नातली गाणी फक्त आजीला येत होती, ती नातीच्या वहीत आली.

आपल्या पालघर जिल्ह्याची जगभर ओळख झाली ती वारली चित्रांमुळे. मुळात हे लग्नाचं काम. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहीत, त्यात पालघट देवी बसे आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावी. डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. आपण मॉलमधून वारली छापाची उशी घेतो तेव्हा ती नक्षी आपल्याच मागच्या डोंगराच्या पाड्यांवरच्या लग्नघरात जन्मली, हे लक्षात राहायला हवं.

कोकणातल्या मंडळींना रत्नागिरीचं उदाहरण जवळचं वाटेल. तिथल्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली प्रचंड चित्रं आहेत. हत्ती, मासे, माणसं, न उलगडणाऱ्या आकृती. गुरं चारणाऱ्यांना ती माहीत होती, 'पांडवांचं काम' म्हणून लोक पुढे जात. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या हौशी मंडळींनी गावागावांत जाऊन विचारपूस केली आणि एकामागून एक कातळचित्रं नोंदवली. उक्षीसारख्या गावात ग्रामस्थांच्या पुढाकाराने चित्राभोवती कठडा उभा राहिला. २०२२ मध्ये कोकणातली ही चित्रं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सोपाऱ्याचा बुरुड राजा आणि रत्नागिरीचे पांडव, दोन्हीकडे गोष्ट तीच आहे. अर्थ विसरला तरी गावाने जागा लक्षात ठेवली, आणि नंतर कोणीतरी गावाला विचारायला गेलं.

आपल्याला याचा काय उपयोग?

प्रश्न रास्त आहे. आपल्याला ईएमआय आहे, गळती आहे, उन्हाळ्यात टँकरचं बिल आहे. वारसा कोणाला सुचतो?

म्हणून पाण्याचंच बोलू. वसईच्या बागायती पट्ट्यात 'बावखल' असते. वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, वाडीला वर्षभर पुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या आणि खाडीचं खारं पाणी आत घुसायला अटकाव व्हायचा. त्यात मासे असत, पोरं पोहायला शिकत. कोणा सरकारी योजनेने ती खोदलेली नाहीत, तिथल्या शेतकऱ्यांनी खोदली. बांधकामं वाढली तशी बरीच बावखलं भराव टाकून बुजवली गेली. आता तिथली जाणती माणसं उरलेल्या बावखलांची नोंद करून ती वाचवायला धडपडत आहेत. त्यांना माहीत आहे की बावखल हा पर्यटनाचा नाही, पिण्याच्या पाण्याचा विषय आहे.

आपण पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. इथे बावखलं नसतील, पण ओढे होते, भातखाचरं होती, विहिरी होत्या. जीवदानीच्या आणि मागच्या डोंगरांवरून उतरणारं पाणी कुठून वाहायचं, कुठे थांबायचं, ते भात लावणाऱ्या माणसाला पाठ असतं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, ते दिवस कोणी विसरलेलं नाही. पाणी त्याच्या जुन्या वाटेने आलं आणि त्या वाटेवर आता आपण राहत होतो. ती वाट नकाशावर शोधायला इंजिनिअर लागतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र ती बोटाने दाखवता येते.

आणि ती माणसं आता थोडीच उरली आहेत. इथे खरी घाई आहे.

बघा ना, १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली तेव्हा दिवसाला एक गाडी जायची आणि एक यायची. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. एवढ्या गर्दीत इथे आधीपासून असलेले आगरी, कोळी, वाडवळ, भंडारी, वारली, मल्हार कोळी, कुपारी हे सगळे आपल्या नजरेआड झाले. त्यांच्या पाड्यांची नावं आपण रिक्षाच्या स्टॉपसारखी वापरतो. फुलपाडा, मनवेलपाडा, भाटपाडा, पापडखिंड. मनवेल हे नाव वसईच्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येतं, पण आपण कधी थांबून विचार केला नाही. आणि नव्या इमारतींना नावं काय, तर हाइट्स, रेसिडेन्सी, एन्क्लेव्ह. अशी नावं कुठेही चालतात, म्हणून कुठलीच जागा त्यांनी ओळखू येत नाही. 'बुरुड राजाचा कोट' हे नाव पुसून तिथे 'ग्रीन व्हॅली' लागलं असतं तर भगवानलाल कशाचा माग काढत तिथे गेले असते?

सोसायटीने करण्यासारखी चार कामं

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुढील कामं कार्यकारिणीपुढे ठेवतो. यांत कोणत्याही कामाला वाढीव मेंटेनन्स लागणार नाही.

पहिलं काम आपल्याच ऑफिसच्या कपाटात आहे. कन्व्हेयन्सच्या फाइलीत आपल्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार असतात. त्यांवर आधीच्या मालकांची, कुळांची नावं असतात, कोणतं पीक होतं ते असतं. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. तो आपण कोणी कधी वाचलाय का? तिथे नाव सापडलं तर आपल्या नव्या हॉलला तेच द्यावं, असं मी सुचवतो. नाव सापडलं नाही आणि रकाना रिकामाच निघाला, तर जुन्या शेजाऱ्यांना विचारावं. त्याच कपाटात सोसायटीची पंचवीस वर्षांची इतिवृत्तं आहेत. त्यांचे फोटो काढून ती दोन ठिकाणी सुरक्षित ठेवावीत. आणखी पन्नास वर्षांनी ती इथल्या इतिहासाची साधनं असतील.

दुसरं काम 'आपला परिसर वही'. दहावीच्या पुढची मुलं आणि निवृत्त मंडळी यांच्या जोड्या कराव्यात. मोबाइलवर आवाज कसा टिपायचा ते मुलांना येतं, काय विचारायचं ते मोठ्यांना कळतं. गावातल्या आणि पाड्यांवरच्या वयस्कर माणसांकडे वेळ ठरवून जायचं. विहीर कुठे होती, ओढा कुठून जायचा, गावदेवीची जागा कोणती, हळदीला कोणती गाणी म्हणत, भाताच्या जाती कोणत्या, विरार स्टेशनला चालत जायला वाट कुठली होती, असे साधे प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्याची परवानगी घ्यायची. त्याची इच्छा असेल तर त्याचं नाव लिहायचं, ऐकणाऱ्याचं नाव आणि तारीख तर लिहायचीच. कथा असेल तिथे 'कथा' लिहायचं, कागद पाहिला असेल तिथे 'कागद' लिहायचं. आणि वही पूर्ण झाली की तिची प्रत ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी आधी द्यायची. त्यांचं त्यांना परत न देता नुसतं घेऊन येणं याला वारसा जपणं म्हणत नाहीत.

या वहीचा दुसरा भाग आपलाच असावा. आपण जे घेऊन आलो तेही आता चंदनसारचंच आहे. गिरणीच्या संपानंतर चाळ सोडलेलं कुटुंब, मालवणी भजनाची बारी, छठच्या अर्घ्याची तयारी, नवरात्रातला गरबा. पुढच्या पिढीला हीच जुनी चंदनसार वाटणार आहे.

तिसरं काम म्हणजे वर्षातून दोन सहली, आणि त्या जवळच्या. एक सोपाऱ्याच्या स्तूपाला आणि वसईच्या किल्ल्याला. दुसरी मुंबईला, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जिथे आपल्या तालुक्याचा दगड आहे. जाण्याआधी तिथे काय पाहता येईल याची चौकशी करून घ्यावी. मुलांना सांगावं, "हा दगड आपल्या शेजारचा आहे." मग बघा ती काचेला नाक लावून उभी राहतात की नाही.

चौथं काम न करण्याचं आहे. कुठे खोदकामात, डोंगरावर, तळ्याकाठी कोरीव दगड, नाणं, जुनं भांडं दिसलं तर ते घरी आणायचं नाही, धुवायचं नाही, त्यावर शेंदूर फासायचा नाही. फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवायचं. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ पासून कायदा आहे, पुरावस्तूंबद्दल १९७२ चा कायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून उचललेली वस्तू अर्धी मुकी होते. सोपाऱ्याच्या मूर्ती करंडकाभोवती मांडलेल्या तशाच सापडल्या म्हणून आपल्याला कळलं की कोणीतरी सहाशे वर्षांनी येऊन त्या ठेवल्या होत्या.

शेवटी पुन्हा अशोकाच्या त्या आठव्या आदेशाकडे येतो. त्यात राजा सांगतो की आधीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी सहलींना जात. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाला गेलो आणि तेव्हापासून वेगळी यात्रा सुरू केली. त्या यात्रेत काय करायचं? साधू-संतांना भेटायचं, वृद्धांना भेटून त्यांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांची विचारपूस करायची. चक्रवर्ती राजाने दगडात कोरून ठेवलेलं काम इतकं साधं होतं, आणि ते आपल्या सोपाऱ्यात कोरलेलं होतं.

आपल्या शेजारच्या पाड्यांवर अजून काही वृद्ध आहेत. वहीचं पहिलं पान त्यांच्यापासून सुरू करावं, अशी सर्व सभासदांना विनंती आहे. ज्यांना या कामात यायचं असेल त्यांनी आपलं नाव सोसायटीच्या ऑफिसमध्ये नोंदवावं. पावसाळ्याच्या आत पहिल्या पाच भेटी झाल्या तर रौप्यमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला, असं मी म्हणेन.